दगडाचा घास

मी आणि माझ्या बायकोने मिळून शेवटचं काम केलं ते दगडाला टाकी लावायचं. पीठ दळून दळून चक्कीचे दगड गुळगुळीत होतात. मग छिन्नी-हातोडीने त्यांना पुन्हा खाचा पाडाव्या लागतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. शुक्रवारी बोईसरच्या कारखान्यांना सुट्टी, तशी आमच्या चक्कीलाही. महिन्यातला एक शुक्रवार दगडाचा.

पहारीने वरचा दगड उचलून उलटा केला. मी हातोडी घेऊन बसलो, ती समोर झाडणी घेऊन बसली. माझा एक ठोका, तिचा झाडणीचा एक फटकारा. असं आम्ही तीसेक वर्षं केलं असेल. बोलणं फार नसायचं. जे असायचं ते भांडण.

"तिरपी धरा टाकी."

"तिरपीच हाय."

"काय तिरपी? माझ्या डोळ्यांना सरळ दिसते."

"मग डोळे तिरपे कर."

हसली नाही. काम झालं की ती डोळे मिटून दगडावरून तळहात फिरवायची. जिथे खाच उथळ असेल तिथे हात थांबायचा. त्या दिवशी एकदाच थांबला. मी तिथे दोन ठोके घातले. तिने पुन्हा हात फिरवला आणि म्हणाली, "झालं. उद्या सकाळी घास घालायला विसराल, मी आठवण करीन."

मी म्हटलं, "मी काय विसरत नाय. तूच आठवण करायला विसरशील."

हे शेवटचं धड बोलणं. नंतर चहा झाला. चहाचा कप खाली ठेवताना तिने छातीवर हात ठेवला, म्हणाली पित्त झालंय. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत पित्त नव्हतं हे मला कळलं होतं. तिलाही कळलं असावं, कारण रस्ताभर तिने माझं मनगट धरलं होतं आणि ते तिने कधी केलं नव्हतं. दुपारी अडीचला डॉक्टर बाहेर आले.

मी चौथी शिकलेला माणूस आहे. चांगलं कसं लिहितात मला ठाऊक नाही. पण चक्कीवर येणारे लोक तिच्याबद्दल फार गोड गोड बोलतात, देवी होती, लक्ष्मी होती. त्यांना खरं ठाऊक नाही. ती कशी होती ते मला ठाऊक आहे, कारण तिच्या चांगुलपणावरून जितकं मी तिच्याशी भांडलो तितकं कोणी भांडलं नाही.

चक्की तिची होती. तिच्या वडिलांनी घिवली सोडून बोईसरला येऊन टाकलेली, आणि ती एकुलती एक. मी तारापूरच्या एका कारखान्यात होतो. कारखाना बंद पडला तसा तिच्या चक्कीवर लागलो. बाजारात लोक मला चक्कीवालीचा नवरा म्हणत. सातपाटीहून मासळी घेऊन येणारी एक मावशी होती, ती तर सगळ्यांसमोर ओरडायची, "काय चक्कीवालीच्या नवऱ्या, आज तोंडाला पीठ लावलं नाय ते? मालकिणीने कामावरून काढलं का काय?" मला राग यायचा. बायको खाली मान घालून हसायची आणि मावशीचे तांदूळ सगळ्यांच्या शेवटी दळायला ठेवायची, कारण त्यांना सुक्या बोंबलांचा वास असायचा आणि बाकीची गिऱ्हाइकं नाक मुरडायची. मावशीला सांगायची, "तुझं शेवटी, निवांत दळते." वासाचं कधी बोलली नाही.

आता घास म्हणजे काय ते सांगतो. टाकी लावलेल्या दगडाच्या खाचांत दगडाची बारीक कच राहते. म्हणून सकाळी पहिल्यांदा मापटंभर स्वतःचे तांदूळ दळायचे आणि ते पीठ फेकून द्यायचं. नाहीतर कच गिऱ्हाइकाच्या भाकरीत जाते. हा टाकीनंतरचा घास, तो सगळे चक्कीवाले देतात. पण तिचा एक रोजचा घास होता, तो कोणी देत नाही. दगड थोडा वेळ रिकामा फिरला की आतलं पीठ निघून जातं. मग पुढचं जे धान्य येईल त्यातलं पाव-अर्धा किलो पीठ दगडाच्या पोटात अडकून राहतं. वीस किलोचा डबा असेल तर कळतही नाही. पण दोन किलोचं गाठोडं घेऊन आलेल्या बाईला ते कळतं. म्हणून अशी बाई आली की बायको आधी स्वतःचे चार मुठी तांदूळ टाकायची. दगडाचं पोट तिच्या तांदळाने भरायचं, मग गाठोडं ओतायचं. बाईला तिचं पुरं पीठ मिळायचं. "पोट भरलेला दगड गरिबाच्या ताटात तोंड घालत नाय," म्हणायची.

मला हे पटायचं नाही. आमची डोंगराकडची वरकस शेती, पावसावरची. सांडलेला दाणा वेचून घेणारी माणसं आम्ही. दाणा फेकणं, दाणा उगाच देणं, मला ते पाप वाटायचं.

त्या पापाच्या भीतीनेच मी पहिली मोठी चूक केली. चक्कीवर लागून वर्ष झालं नव्हतं. ती दोन दिवस घिवलीला चुलत्याकडे गेली होती. मी एकट्याने टाकी लावली आणि सकाळी विचार केला, चांगले तांदूळ दळून फेकायचे कशाला? दगड झाडून काढला की झालं. सरळ गिऱ्हाइकांचे डबे दळले. सहा डबे गेले. संध्याकाळी एक म्हातारे गुरुजी आले, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी खिशातून रुमाल काढून उलगडला. आत त्यांच्या नव्या कवळीचा एक दात होता.

"हे तुमच्या पिठातलं का माझ्या तोंडातलं, ते तुम्हीच ठरवा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती आली. डोक्यावर तांदळाचं पीठ घेऊन सहाच्या सहा घरी गेली, कचीचं पीठ परत घेतलं आणि स्वतःचं दिलं. गुरुजींकडे तर दोनदा गेली, कारण पहिल्यांदा ते घरी नव्हते. ते कचीचं पीठ आम्ही गुरांना सुद्धा घातलं नाही, खड्ड्यात पुरलं. गुरुजी पुढे कधीही चक्कीवर आले की मला विचारायचे, "आज दात सोबत आणू का घरी ठेवू?" आम्ही दोघंही मग पुढे मित्र झालो, पण हे विचारणं त्यांनी सोडलं नाही.

दुसरी चूक त्याहून वाईट. ती सांगायला मला लाज वाटते, पण तिच्याबद्दल लिहायचं तर ती सांगितल्याशिवाय भागणार नाही.

पाड्यावरून एक बाई कामाला यायची, बिल्डिंगच्या कामावर, विटा-रेती वाहायला. डबा नव्हता तिच्याकडे. लुगड्याच्या फडक्यात बांधून आठवड्यातून दोनदा तांदूळ आणायची, कधी दोन किलो, कधी त्याहून कमी. मी तिला एकदा म्हटलं होतं, "एवढंसं दळायला मोटर चालू करायची?" ती फडकं पुढे धरून उभी राहिली. बायकोने माझ्याकडे न बघता मोटर चालू केली आणि आधी स्वतःच्या चार मुठी टाकल्या. असं कित्येक महिने चाललं. बाईला ठाऊक नव्हतं.

एक दिवस कशावरून तरी माझं आणि बायकोचं वाजलं होतं. त्यात ती बाई आली. बायकोने मुठी भरल्या आणि माझं डोकं फिरलं. मी त्या बाईला म्हटलं, "कळतंय का काही? तुझ्यासाठी ही घरातला तांदूळ घालते दगडात. दर वेळी. तुझं पीठ पुरं व्हावं म्हणून."

बाईने बायकोकडे बघितलं. मग दगडाकडे. पीठ घेऊन गेली आणि पुन्हा आली नाही.

एक आठवडा गेला, दोन गेले. बायको माझ्याशी बोलायची, जेवायला वाढायची, पण मान वर करायची नाही. महिनाभराने एका शुक्रवारी ती सकाळीच बाहेर पडली. कुठे चाललीस विचारलं तर म्हणाली, "कामाला." दुपारी उन्हात परत आली, पायाला रेती लागलेली. बोईसरच्या चार-पाच बांधकामांवर फिरून तिने त्या बाईला शोधून काढलं होतं.

"काय बोललीस तिला?"

"बोलले, माझा नवरा खोटं बोलला. तो दगडाचा घास असतो. प्रत्येकाच्या डब्याच्या आधी घालावाच लागतो, नायतर दगड बिघडतो. तुझ्यासाठी म्हणून काय घालत नाय कोणी."

"खोटारडी."

"हो," म्हणाली. "आता ते खोटं नको ठरायला."

दुसऱ्या दिवसापासून तिने प्रत्येक डब्याच्या आधी घास घालायला सुरुवात केली. गुरुजींच्या पंचवीस किलोच्या डब्याआधी, कंपनीतल्या साहेबांच्या डब्याआधी, चाळीतल्या भैय्याच्या गव्हाआधी. भैय्या म्हणायचा, "अम्मा, ये मुट्ठी किसलिए?" तर ही तोडक्या हिंदीत सांगायची, "पत्थर को भूख लगता है." चार मुठींची एक मूठ केली, एवढीच काय ती माझ्यावर दया. ती बाई परत आली तेव्हा तिने उभं राहून बघितलं की तिच्या पुढच्या डब्यालाही मूठ पडते, मागच्यालाही पडते. मग तिने फडक्याची गाठ सोडली.

मी भरपूर चिडलो. खोटं एक आणि तांदूळ पोतंभर, असं म्हणालो. तिच्या वडिलांचं नाव घेऊन पण काही बोललो, ते इथे लिहीत नाही. ती म्हणाली, "तुमी बोलला नसता तर चार मुठींत भागत होतं."

तर तो शुक्रवार. संध्याकाळी तिला स्मशानात न्यायचं होतं. तिरडी बांधताना भटजींनी पिंडाला पीठ मागितलं आणि घरात पिठाचा कण नव्हता. आमचा पिठाचा डबा तिने शुक्रवारी सकाळीच धुवून उन्हात घातला होता, शनिवारी नव्या टाकीच्या दगडाचं ताजं भरायचं म्हणून. चक्कीवालीच्या घरात पीठ नाही! कोणाला कोणाकडे बघावं कळेना. गुरुजी काठी टेकत घरी गेले आणि वाटीभर पीठ घेऊन आले. पीठ तिनेच बुधवारी दळलेलं. म्हणजे तिचा पिंड तिच्याच हातच्या पिठाचा झाला. गुरुजी माझ्या कानाशी म्हणाले, "कच नाही त्यात, मी खाऊन बघितलंय," आणि मग त्यांना रडू आलं.

शनिवारी सकाळी उठलो तर मोठी बहीण एडवणहून आलेली होती, मुलगी वापीहून आलेली होती. चूल बंद. शेजारून चहा आला. मुलगी म्हणाली, "बाबा, आता चक्की राहू दे. तुम्ही एकटे कसं करणार? जागा भाड्याने द्या आणि माझ्याकडे चला." ती बरोबर बोलत होती. माझे गुडघे गेलेत आणि चक्कीवर डोळे मिटून दगड तपासणारं आता कोणी नाही. मी हो म्हणायच्या बेतात होतो. हो म्हटलं असतं तर त्याच दिवशी चक्की संपली असती, कारण दहा दिवस बंद राहिलेली चक्की मी पुन्हा चालू करणारा माणूस नाही. मला मी ठाऊक आहे.

आमचं घर चक्कीच्या मागच्या बाजूला. मी चक्कीत गेलो ते केवळ दार नीट लावलंय का बघायला. आत नऊ डबे ओळीने ठेवलेले, गुरुवारी संध्याकाळी लोक ठेवून गेलेले. कोणी न्यायला आलं नव्हतं. लाजेने आले नसतील. सगळे आदल्या दिवशी स्मशानात होते. शेवटच्या डब्यापाशी ते फडक्याचं गाठोडं होतं.

दार किलकिलं होतं म्हणून असेल, तेवढ्यात ती बाई आली. डोक्याला कामावरची चुंबळ तशीच. मला बघून पायरीवरच थांबली.

"बाबा, गाठोडं नेते. तसंच."

"तसंच नेऊन काय करशील?"

"शिजवू. भाकरी नाय तर भात."

"थांब," म्हटलं.

मागून बहीण आली. "अरे, काय करतोस? सुतक हाय. घरात चूल पेटवली नाय आणि तू मोटर लावणार?"

"चूल माझी. चक्की तिची," मी म्हटलं. "तिला सुतक नाय."

"लोक काय म्हणतील?"

"डबे लोकांचेच हायत."

ती तोंडाला पदर लावून उभी राहिली, पण गेली नाही. मी मोटरचं बटण दाबलं. पट्टा फिरायला लागला. गाठोडं उचललं, गाठ सोडली आणि वरच्या पेटीत ओतायला हात वर केला, आणि तिथेच थांबलो.

विसरलो होतो. टाकी लावलेला दगड. कच. ती आठवण करणार होती.

हात खाली घेतला. घासाचं मापटं खुंटीला टांगलेलं होतं, रिकामं. ती शनिवारचा घास शुक्रवारी रात्री मापून ठेवायची, तेवढा वेळ तिला मिळाला नाही. मी घरात गेलो, तांदळाचा डबा उघडला. मुलगी म्हणाली, "बाबा, काय हवंय?" बोललो असतो तर रडलो असतो आणि मग चक्की चालवायची राहिली असती. दोन मापटी भरून घेतली. ती पण शिगोशीग. आयुष्यात मी तांदूळ शिगोशीग कधी कोणाला दिले नव्हते.

पहिलं मापटं ओतलं, दळलं, पीठ टोपल्यात काढलं. चिमूटभर दातांत धरून चावलं. कच होती. ते टोपलं बाहेर नेऊन ठेवलं. दुसरं मापटं ओतलं. पुन्हा चिमूट दातांत धरली. जिभेवर तांदळाचा गोडवा आला, बाकी काही नाही. दगड साफ होता आणि त्याचं पोट भरलं होतं.

बाई बघत होती. म्हणाली, "बाबा, हे कशाला?"

तशी मला खरं बोलायची फार सवय. पण मी म्हटलं, "दगडाला नवी टाकी लावलीय ना, म्हणून. घास घालावाच लागतो."

"आनि सगळ्यांच्या आधी?"

"सगळ्यांच्या आधी."

मग तिचं गाठोडं ओतलं. पीठ उबदार निघालं. मी तिच्या फडक्यात भरून गाठ मारून दिली. तिने ते डोक्यावर घेतलं नाही, छातीशी धरलं, आणि पायरी उतरताना चक्कीच्या उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. मला तिने नमस्कार केला नाही, ते बरं झालं.

मुलगी दारात येऊन उभी होती. तिच्या हातात तांदळाचा डबा होता, घरातला, सगळाच. माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "पुढचा डबा कोणाचा?"

"गुरुजींचा."

तिने एक मूठ भरली आणि दगडात टाकली. मी डबा उचलला.